ब्रेक ऑइलचा दुसरा डबा

दादाने ती गाडी सालवडच्या घरी आणली तेव्हा वहिनीने ताट तयार ठेवलं होतं. गाडी कितीही जुनी असली तरी दारात आल्यावर ओवाळायची, असं तिचं म्हणणं. दादा म्हणाला, "ही रस्त्यावर चालवायची नाहीये. ट्रॅकवर न्यायचीये."

"म्हणजे शर्यत?"

"शर्यत नाही गं. ट्रॅक डे. ज्याची त्याने गाडी न्यायची, बंद ट्रॅकवर जितकी पळवता येईल तितकी पळवायची, आणि घरी यायचं. कोणाला हरवायचं नाही, काही नाही."

वहिनीने गाडीला ओवाळलं नाही. दादालाच ओवाळलं. तो हसत होता. ती हसत नव्हती.

दादा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर आहे. पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइन, सगळं त्याच्या हातातलं. मी तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. वडील पॉवर प्लांटमध्ये लागले म्हणून आम्ही साताऱ्याकडचे लोक इकडे आलो, आणि ते निवृत्त होऊन गावी गेले तरी आम्ही दोघं इथेच राहिलो. खाली दादा-वहिनी, वर एका खोलीत मी. मागे पत्र्याची शेड आहे. पुढचे आठ महिने दादा फर्स्ट शिफ्ट संपवून आला की चहा उभ्यानेच प्यायचा आणि शेडमध्ये जायचा.

गाडी होती वीस वर्षांची. लहान, चार दारांची, पेट्रोलवरची. दादाने आधी ती सोलली. मागची सीट, कार्पेट, दारांची अस्तरं, एसी. वजन कमी झालं की गाडी पळते चांगली आणि थांबतेही चांगली, असं तो सांगायचा. काढलेलं सगळं सामान माझ्या खोलीबाहेर गच्चीवर येऊन पडलं. कार्पेट निघाल्यावर खालचा गंजलेला पत्रा दिसला आणि दादा तिथेच खाली बसला. गाडी आधी समुद्राकाठच्या गावात वापरलेली होती.

सातपाटीचे एक वेल्डरकाका आमच्या ओळखीचे होते. आयुष्यभर बोटींच्या इंजिनांची कामं केलेले. ते आले, उकिडवे बसले आणि हातातला स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला. तो आरपार गेला.

"ताय," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो पत्रा नाय, पापड हाय."

ड्रायव्हरला आवळून धरणारा जाड पट्टा त्याच पत्र्याला बसायचा होता. काकांनी तीन रविवार घालवून जुना पत्रा कापला आणि नवा वेल्ड केला. पेट्रोलची टाकी आधी काढून दूर ठेवली होती, तरी वहिनी वाळूची बादली घेऊन सबंध वेळ उभी असायची. शेवटच्या दिवशी काका हात धुताना दादाला म्हणाले, "मी बोटीचं काम करतो, इंजिन बंद पडलं तरी बोट पाण्यावर तरंगते. तुमी ह्याच्यात काय करनार?"

दादा म्हणाला, "ब्रेक दाबणार."

त्या दिवसापासून मला त्या गाडीची भीती वाटायला लागली. मी मुळातच भित्री. लॅबमध्ये नोकरी करून आणखी झाले. सायरनची चाचणी असली, आणि ती चाचणी आहे हे आदल्या दिवशी कळवलेलं असलं, तरी माझे तळवे ओले होतात. त्या आठ महिन्यांत मी तीनदा दादाचं काम थांबवलं. एकदा पेट्रोलचा वास येतोय म्हणून. तो थिनरचा होता. एकदा जॅक सरकतोय म्हणून. तो सरकत नव्हता. एकदा पट्ट्याचा बोल्ट आखूड वाटला म्हणून त्याला सगळं उघडायला लावलं. बोल्ट बरोबर होता. तिसऱ्या वेळी तो चिडला नाही, पाना खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "तुला मदत करायची असेल तर कर. पण दर वेळी मरण दाखवू नकोस."

मला ते लागलं. मी ठरवलं, यापुढे तोंड बंद ठेवायचं.

शेवटचं मोठं काम ब्रेकचं. दादाने पुढे मोठ्या डिस्क बसवल्या, पाइप बदलले. मग एका रविवारी सकाळी आम्ही ब्रेकमधली हवा काढायला बसलो. हे काम दोघांचं. एकाने ड्रायव्हरच्या जागी बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बारीक नट सैल करून हवा आणि जुनं ऑइल बाहेर सोडायचं.

"दाब... धर... सोड." चाकाआडून दादाचा आवाज यायचा. "दाब... धर... सोड."

मधेमधे मीच उतरून बॉनेटखालच्या छोट्या टाकीत नवीन ब्रेक ऑइल भरायचं. ती टाकी रिकामी झाली की हवा परत आत जाते. मागची दोन्ही चाकं झाली, आणि पुढच्याला लागताना डबा संपला.

"फळीवर आहे बघ दुसरा," दादा गाडीखालून म्हणाला. "लवकर."

फळीवर ग्रीस, पॉलिश, चिंध्या, त्यातच हाताला डबा लागला. मी झाकण फिरवलं आणि ओतलं. पुढची दोन्ही चाकंही झाली आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. दादा हात पुसत उठला आणि त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. वहिनीने त्या दिवशी बोंबील तळले होते. आम्ही तिघंही पोटभर जेवलो.

पुढच्या शुक्रवारी मी लॅबमध्ये एका सॅम्पलमधलं पाण्याचं प्रमाण बघत होते. माझं रोजचंच काम. त्यासाठी रसायनाची नवीन बाटली उघडली. झाकण फिरताना सील तुटल्याचा आवाज झाला. कट्.

माझा हात तिथेच थांबला. रविवारी तो आवाज आला नव्हता.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. उघडा डबा नुसता ठेवला तरी ते पाणी पीत राहतं, आणि आमच्या इथला पावसाळा त्या डब्याने शेडमध्ये काढला होता. असं ऑइल रोजच्या चालवण्यात कळतही नाही. पण वेगात वारंवार ब्रेक मारले की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. हे दुसऱ्या कोणाला माहीत नसतं तर चाललं असतं. मला माहीत होतं. मी त्याचाच पगार घेते.

संध्याकाळी घरी पोहोचले तर गाडी टेम्पोवर चढवून झाली होती. दादा दोर आवळत होता, शेजारी बघायला जमले होते. मी सरळ शेडमध्ये गेले. फळीवर मागच्या बाजूला एक डबा होता. उचलून बघितला. सील शाबूत. मी ओतला तो वेगळाच, आधीच उघडलेला होता.

मी बाहेर आले. दादा टेम्पोच्या फळीवर उभा होता. इतका आनंदात मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"दादा, ब्रेक एकदा परत बघायचे का?"

"कशाला? बघितलेत की."

"नाही, सहज."

"परत सुरू झालं का तुझं?" तो हसून म्हणाला. आणि मी गप्प बसले.

एवढंच झालं. मला कोणी अडवलं नव्हतं. 'मी जुना डबा ओतला' हे चार शब्द होते. दोन तासांचं काम होतं, गाडी उतरवून परत चढवता आली असती. पण आधी तीनदा मी खोटी ठरले होते, आणि या वेळी खरी ठरले असते तर चूक माझी होती. दोन्हींची लाज वाटली. मी स्वतःला समजावलं की नवीन माणूस आहे, हळूच चालवेल, एवढं काही तापणार नाही.

ट्रॅक आमच्यापासून एका दिवसाच्या वाटेवर. शनिवारी टेम्पोच्या पुढच्या केबिनमध्ये आम्ही दाटीवाटीने बसून गेलो. वहिनी आली नाही. रविवारी सकाळी तिथल्या माणसांनी गाडी तपासली, पट्टा ओढून बघितला, हेल्मेट बघितलं, पेडल दाबून बघितलं. पेडल घट्ट होतं. जे काही होईल त्याला मीच जबाबदार, अशा कागदावर दादाने सही केली. मी ती सही होताना बघत होते.

पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या होत्या. पहिल्यांदा दादा खरोखरच हळू गेला. दुसऱ्यांदा थोडा जोरात. परत आला तेव्हा चेहरा घामाने निथळत होता आणि तो एकसारखा बोलत होता, कुठलं वळण कसं, कुठे ब्रेक मारायचा. मी चाकाजवळ हात नेला. लांबूनच धग लागली.

"दादा, पुरे आता."

"आत्ता कुठे कळायला लागलंय!"

तिसऱ्या फेरीची वेळ झाली. मी ठरवलं की सांगायचंच. गेले तोवर त्याने हेल्मेट घातलं होतं, पट्टे आवळले होते, इंजिन सुरू होतं. मी खिडकीची जाळी धरून ओरडले, "दादा, ब्रेक ऑइल!" त्याला ऐकू गेलं नाही. त्याने अंगठा वर केला. झेंडा हलला आणि गाडी गेली.

मी भिंतीपाशी उभी राहिले. गाडी समोरून जायची, मग वळणाआड दिसेनाशी व्हायची, मग फक्त आवाज. तो आवाज मी आठ महिने शेडमध्ये ऐकला होता, दहा गाड्यांत ओळखू आला असता. एक चक्कर. दुसरी. तिसरी. दर वेळी सरळ रस्त्याच्या शेवटी तो ब्रेक मारायचा तिथे आवाज खाली उतरायचा, आणि तेवढ्यापुरता माझा श्वास सुटायचा. पाचव्या चकरेला आवाज उतरला नाही. एकदम चढला, किंचाळल्यासारखा, आणि बंद झाला.

दूर धुळीचा लोट उठला. लाल झेंडे हलायला लागले. कोणीतरी माझ्या दंडाला धरून मागे खेचलं, तेव्हा कळलं की मी भिंतीवर चढत होते.

ती चार-पाच मिनिटं मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. वहिनीला काय सांगायचं याचं वाक्य मी मनात जुळवत होते. 'दादा' म्हणून सुरू करायचे, आणि पुढचा शब्द यायचा नाही.

मग तो चालत आला. हेल्मेट हातात, केसांत वाळू. गाडी वळणाबाहेरच्या खडीत जाऊन गोल फिरून थांबली होती. पेडल पहिल्यांदा मऊ झालं, मग थेट जमिनीला टेकलं, तेव्हा त्याने एकामागून एक गिअर खाली टाकले आणि स्टिअरिंग फिरवलं. पट्ट्याने खांदा सोलला होता. बाकी काही नाही.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "फार उशिरा ब्रेक मारत होतो. तापवले मी."

त्याला तसंच वाटू देता आलं असतं. तो विचार मनात येऊन गेला, हे मी इथे लिहून ठेवते.

"मी जुना डबा ओतला," मी म्हणाले. "पुढच्या चाकांना. शुक्रवारी कळलं मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. "शुक्रवारी?"

"हो."

त्याने हेल्मेट माझ्या हातात दिलं. वळला आणि गाडी ओढून आणायला गेला.

परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर बघत होता. टेम्पोचा ड्रायव्हर दोनतीनदा काहीतरी बोलला, मग त्याने रेडिओ लावला. एका ढाब्यावर चहा आला, तो तसाच निवला. मग दादा म्हणाला, "शुक्रवारी तू नीट सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का, तेच मी मघापासून बघतोय."

"आणि?"

"माहीत नाही." त्याने कप बाजूला सारला. "पण तू सांगायला हवं होतंस."

"हो."

घरी वहिनीला मीच सांगितलं, सगळं, शुक्रवारसकट. ती कोळंबी सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. नंतर किती तरी दिवस माझं जेवण ताटात वाढून ती वर पाठवायची. कधी कमी नाही, कधी गार नाही. पण माझ्याकडे बघायची नाही. एके दिवशी मी स्वतःच खाली जाऊन बसले. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "तू सांगणार, या भरवशावर मी इथे राहिले होते." 

दादाने गाडी विकली नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत ट्रॅकवर गेलो, आणि या वेळी वहिनीही होती. पहिलीच फेरी सुरू होणार, दादा हेल्मेट घालून रांगेत लागलेला, आणि मला वाटलं की उजव्या मागच्या चाकाचे नट आवळताना मी बघितलं नव्हतं. त्यानेच आवळले होते. आवळले असणारच. माझे तळवे ओले झाले होते. मी रांगेत घुसले आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"उतर!"

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. दादाने गाडी बाजूला घेतली, पट्टे सोडले, पाना काढला. चारही नट घट्ट होते. तोवर रांग निघून गेली होती आणि त्याची फेरी बुडाली.

तिथली माणसं हसली. दादाने पाना डिकीत टाकला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पुढच्या फेरीला अजून पाऊण तास होता. वहिनीने डबा उघडला आणि आम्ही तिघं टायरवर बसून थालीपीठ खात राहिलो.