चित्रात न मावणारं घर

मिस्त्रींना तोंडात खिळे धरून बोलायची सवय होती. सोफ्याला कापड ठोकताना दोन्ही हात गुंतलेले, मग खिळे ठेवायचे कुठे? त्यामुळे गिऱ्हाइकाला त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं मिस्त्री बोलायचेच नाहीत. माणूस सरळ, हातात कसब. पण घरी तोंडात खिळे नसतानाही त्यांची अवस्था तीच.

हे घर जरा समजून घ्यायला हवं. घरात सासू होती, ती पहिल्या बायकोची आई. लेक आजारपणात गेली, म्हातारीला दुसरं कोणी नव्हतं, आणि "आता तुम्ही निघा" म्हणायची मिस्त्रींची छाती झाली नाही. खरं तर इच्छाही झाली नाही. पुढे त्यांनी इस्पितळातल्या एका नर्सशी दुसरं लग्न केलं. ती घटस्फोटित, पदरी शाळकरी मुलगी. लोक म्हणाले, आता बघा भांडी कशी वाजतात ती! पण नवी बायको आणि जुनी सासू यांचं मेतकूट जमलं, लोकांची निराशा झाली. अडलं ते पोरीपाशी.

पोरगी मिस्त्रींशी बोलायचीच नाही. ते नळापाशी उभे असले तरी ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "आजी, त्यांना सांग, नळ चालू राहिलाय." मग म्हातारी म्हणायची, "जावईबापू, नळ." वर्ष उलटलं तरी ही तारायंत्राची सेवा चालूच. शेवटी बायकोचा धीर सुटला. "अहो, पोरीला इथे करमत नसेल तर मी तिला घेऊन ताईकडे राहते," ती म्हणाली आणि तिने माळ्यावरची बॅग खाली काढली. रागावून बोलली असती तर मिस्त्रींनी सोसलं असतं. ती रडत बोलली.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात एका समुपदेशन केंद्रातला सोफा दुरुस्तीला आला. मिस्त्री तो पोचवायला गेले तेव्हा भिंतीवर त्यांना एक मोठं चित्र दिसलं. कुटुंबांवर संशोधन चालू आहे, भाग घेणाऱ्यांना समुपदेशन मोफत, असं त्याखाली लिहिलेलं. चित्रात आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. चौघांचे मिळून एवढे दात, की बघणाऱ्याने आपलं तोंड मिटून घ्यावं. आपल्याला इथे कोण उभं करणार, मिस्त्रींना वाटलं. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी नाव दिलं.

आणि मग त्यांनी धंद्यातली अक्कल घरात वापरली. जुन्या सोफ्यावर नवं कापड ताणून बसवलं की आतला काथ्या कोण बघतो? त्यांनी सगळ्यांना समोर बसवून तालीम घेतली. म्हातारीने त्यांची सख्खी आई व्हायचं आणि जावईबापू न म्हणता बाळा म्हणायचं. पोरीने तासाभरापुरतं बाबा म्हणायचं. "आणि हसायचं," मिस्त्री म्हणाले. स्वतः हसून दाखवलं, तेव्हा बायकोने तोंड फिरवलं.

ठरल्या दिवशी चौघं त्याच सोफ्यावर दाटीवाटीने बसली. समोर संशोधक बाई, वयाने मिस्त्रींहून लहान, बोलायला गोड. म्हातारी प्रत्येक वाक्याला बाळा, बाळा लावत होती. बाई कौतुकाने म्हणाल्या, "आजी, तुमचा हा बाळ लहानपणी कसा होता हो?"

म्हातारीची तालीम एवढी पुढे गेली नव्हती. तिने मिस्त्रींकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि बोलून गेली, "लहानपणी? अहो, जावईबापूंना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना मिशा होत्या!"

पोरगी फिस्सकन हसली. "आजी, विचका केलास सगळा!"

मिस्त्री उभे राहिले. कान लालभडक. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: कोण कोणाचं कोण, तालीम, बॅग. "आम्ही तुमच्या चित्रातले नाही. माफ करा. चला गं."

"बसा हो," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आजवर आमच्याकडे आली ती सगळी चित्रातलीच कुटुंबं. त्यांच्यावरून जे कळलं तेच सगळ्या घरांना लागू करायला निघालो होतो आम्ही. तुमच्यासारखी घरं का येत नाहीत म्हणून रोज डोकं खाजवतोय."

"मग चित्र कशाला तसलं लावलंत?" म्हातारीने फटकन विचारलं.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "उद्याच काढते."

मग बाईंनी पोरीला विचारलं, की तू यांना कशी हाक मारतेस? पोरगी नखं कुरतडत म्हणाली, "बाबा म्हणू, तर माझे बाबा आहेत ना. काका म्हटलं तर आई ओरडली. मग मी काहीच म्हणत नाही. हाक मारता येत नाही, मग बोलणार कसं?"

"एवढंच?" मिस्त्रींच्या तोंडून निघालं. वर्षभर त्यांना वाटत होतं, पोरीला आपण डोळ्यांसमोर नकोसे आहोत. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. "अगं, दुकानात सगळे मिस्त्री म्हणतात. मला तेवढं पुरे."

"ओरडले होते खरी मी," बायको हळूच म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. "पुढच्या वेळी कधी येऊ?" हेही तिनेच विचारलं.

संध्याकाळी घरी ती म्हणाली, "अहो, ती बॅग वर ठेवता का जरा? पायात येते." मिस्त्री हात धूत होते, ते तसेच ओल्या हातांनी धावले. स्टुलावर चढून त्यांनी बॅग माळ्यावर अगदी आत, भिंतीपर्यंत ढकलली.

"मिस्त्री," स्वयंपाकघरातून पोरीचा आवाज आला, "नळ चालू राहिलाय."

म्हातारीने निरोप द्यायला सवयीने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

"चला," ती म्हणाली, "माझी नोकरी गेली."