वारा काढलेली हाक

घरच्या घरी छोटी फिल्म करायला स्वस्त सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलं, ही माझी चूक. समोरासमोर विचारायला मला जमत नाही, म्हणून लिहून विचारलं. लॅपटॉप जुना आहे, पैसे फारसे नाहीत आणि आवाजावर वेगळं काम करता आलं पाहिजे, असं स्वच्छ लिहिलं होतं. धडाधड उत्तरं आली. त्यांतलं एकही आवाजाबद्दल नव्हतं. कशात इफेक्ट जास्त, कशात गुलाबाच्या पाकळ्या पडतात, कशात नाव सोनेरी अक्षरांत फिरत येतं, यावर आमच्याकडची शिकली-सवरलेली माणसं दुपारभर भांडली. ज्यांना फोनमधला फोटो सरळ कापता येत नाही, तीसुद्धा.

फिल्म मोठ्या आईची होती. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. फुलसावंगीला त्यांचं शेत आहे, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन नागपूरला ठरलं होतं, आणि नंतर आवाज बदलू शकतो असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घरात सगळे गाठीबद्दल बोलत. आवाजाबद्दल ती फक्त माझ्याशी बोलली, बहुधा मी कोणाला सांगणार नाही म्हणून.

"आपला आवाज दूरच्या मानसाले कसा ऐकू येते, थे आपल्याले कधी समजतच नाही," ती म्हणाली. "जायच्या आंधी एकदा ऐकव मले."

तिचा आवाज म्हणजे तिची हाक. वेचणीच्या दिवसांत ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहते आणि दोन वावरांपलीकडे पांगलेल्या बायांना एकेकीचं नाव घेऊन बोलावते. नाव शेवटाकडे लांबत जातं आणि मग एकदम तुटतं. मी दोन सकाळी पलीकडच्या टोकाला, बायांच्या शेजारी उभी राहून ते टिपलं. फोन माझाच, माइक मैत्रिणीचा; तिचा चेहरा मात्र जवळ जाऊन वेगळा टिपला.

आधी फोनमधलं एक अ‍ॅप वापरून पाहिलं. ते फुकट होतं, पण चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव छापायचं. मला ते मोठ्या आईच्या कपाळावर कोणी शिक्का मारल्यासारखं वाटलं. घरच्यांना मात्र तेच आवडलं. टीव्हीवाल्यांसारखं दिसते, राहू दे, असं माझ्या एका काकांनी सांगितलं. नाव काढायला वर्षाचे पैसे भरावे लागत होते, आणि ते काढायचंच कशाला, हे कोणालाच कळत नव्हतं.

मग चुलत भाऊ आला, मोठ्या आईचा मुलगा. तो रील्स करतो, म्हणून तो या विषयातला तज्ज्ञ. त्यानं पेन ड्राइव्हवर मोठ्या सिनेमावाल्यांचं सॉफ्टवेअर आणलं होतं, चोरलेलं. लॅपटॉपमधलं अँटीव्हायरस बंद कर, ही त्याची पहिली सूचना होती. माझा लॅपटॉप तीन मिनिटं घरघरला आणि निजला. दोष अर्थातच लॅपटॉपचा होता.

खरं तर मला हवं ते सॉफ्टवेअर तोपर्यंत मिळालं होतं. फुकट, शिक्का नाही, दिसायला बँकेच्या फॉर्मसारखं करडं. पाकळ्या नाहीत. पण आवाजाची पट्टी चित्रापासून वेगळी उघडायची आणि तिच्यात हाकेचा चढ डोळ्यांनी दिसायचा. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. न सांगण्यात मला थोडा मोठेपणाही वाटत होता.

तेवढ्यात भाऊ सगळं शूटिंग मिक्सिंगवाल्याकडे घेऊन गेला. मिक्सिंगवाला म्हणजे लग्नाच्या शूटिंगची कापाकापी करून देणारा, तालुक्याच्या गावातला. मी भावाला नकला दिल्या. मूळ फाइल मी कोणालाच देत नाही.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते काम टीव्हीवर लावलं. सोनेरी अक्षरं फिरत आली. पाकळ्या पडल्या. मोठी आई धुऱ्यावर संथ गतीनं चालली, तिनं तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून सनई वाजली. पुन्हा उघडलं, पुन्हा सनई. खोलीभर माणसं खूश होती. काकांनी भावाला टाळी दिली.

मोठी आई शेवटपर्यंत पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "मी काय म्हनून राह्यली तिथं?"

भाऊ म्हणाला, "म्युझिक ऐक ना, आई."

मी त्याला मिक्सिंगवाल्याला फोन लावायला सांगितला. अनोळखी माणसाशी फोनवर मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले. मूळ आवाज कुठे गेला, असं विचारलं. तो उर्मट नव्हता, त्याला खरंच नवल वाटलं.

"मॅडम, ओरिजनल आवाज कोन ठेवते? लग्नातला बी आम्ही सगळा काढूनच टाकतो."

या माणसाकडे आमच्या अर्ध्या खानदानाची लग्नं आहेत. त्या लग्नांच्या फिल्ममध्ये कोणी एक शब्द बोललेलं नाही.

मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेले. माझं काम तयारच होतं. चार ठिकाणी कापलं होतं, आणि माइकमध्ये शिरलेला वाऱ्याचा फडफडाट त्या करड्या सॉफ्टवेअरनं पुसला होता. एवढं स्वच्छ काम मी कधी केलं नव्हतं. मोठ्या आईला बोलावलं, दार लोटलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

तिनं डोळे मिटून ऐकलं. एकदा, मग पुन्हा. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"वारं काढून टाकलं का तू?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"वारं समोरून होतं त्या दिशी. म्हनून त एवढी जोरानं हाक मारली. आता वारंच नाही, त ही बाई येड्यासारखी कायले ओरडून राह्यली, थे लोकायले कसं समजन?"

मिक्सिंगवाल्यानं हाक काढली होती, मी वारा काढला होता. तिच्या हिशेबी आम्ही दोघं एकाच दुकानातले. मी पट्टी उघडली आणि वारा परत आणला. मिनिटही लागलं नाही. त्या फडफडाटातून तिची हाक वर आली, मधेच दबली, पुन्हा वर आली, आणि माझ्याही मागून, लांबून, एका बाईनं बारीकशी ओ दिली. ती ओ मी वाऱ्यासोबत पुसून टाकली होती. मला ती तोवर ऐकूच आली नव्हती.

"आता बराबर हाय," मोठी आई म्हणाली आणि पुन्हा लाव म्हणून खूण केली.

ऑपरेशन नीट झालं. आवाज राहिला, पण खाली गेला आणि लांब जात नाही. भावाच्या स्टेटसवर अजून अधूनमधून सनईवाली फिल्म येते. यंदा वेचणीला मोठी आई धुऱ्यावरून बायांना फोन करत होती. एकही उचलत नाही, असं ती त्या खरखरीत आवाजात सांगते, आणि दोष मोबाइलला देते.