मूसच्या शिंगावरची गोधडी

माझ्या वारलेल्या बायकोची गोधडी अमेरिकेतल्या एका बेटावर एका जनावरानं शिंगावर घालून नेली. मी तेव्हा झाडाआड बसलो होतो, त्यामुळं मला उठायला जरा उशीर झाला.

गोधडी आमच्या मंडळींनी स्वतः शिवलेली, स्वतःच्याच जुन्या साड्यांची. बायको गेली आणि मुलानं, प्रशांतनं, मला उचलून मिशिगनात नोव्हाय नावाच्या गावाला आणलं. (तो तिथं मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी सातवी नापास. गावाकडं म्हशी राखल्या, दूध घातलं.) येताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि गोधडी जास्त. तिला हिचा वास होता. रात्री तोंडावर ओढली की बाई शेजारीच आहे असं वाटायचं. माझ्याकडं तिचं तेवढंच उरलं होतं, म्हणून वर्षभर मी ती कुणाला धुऊ दिली नाही.

सून मेघा गुणाची पोरगी, पण स्वच्छतेचं वेड फार. दर रविवारी दारात उभी राहून विचारायची, "आबा, आज मशीनला लावू का? जेंटलवर लावते."

"आधी मला लाव जेंटलवर. मी टिकलो तर तिला लाव."

मग ती खिडकी उघडायची. मी ती पुन्हा लावून घ्यायचो. वास जाईल ना!

मी दिवसभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसतो, याचा मुलाला घोर. कुणीतरी त्याला सांगितलं की म्हाताऱ्याला निसर्गात न्या. त्यानं लाँग वीकेंडला रजा जोडली आणि बेट बुक केलं. दिवसभर गाडी, मग बोट. बोटीत मी पोटातलं सगळं पाण्याला वाहिलं. हे पाणी म्हणे तळं! पलीकडचा काठ दिसत नाही, माणसाएवढ्या लाटा, आणि नाव तळं. बेटावर उतरलो तर तिथं आणखी तळी. त्यातल्या एका तळ्यात पुन्हा एक बेट. देवानं हे काम कंत्राटावर दिलं असणार. तळ्यांच्या मधे ना शेत ना रान; नुसतं तांबूस, शेवाळी माळ, खुरटी झुडपं आणि चालायला फळ्यांची वाट. मोटार नाही, दुकान नाही, फोन नाही. मला जागा आवडली. पण बोललो नाही. म्हातारा खूश झाला असं कळलं की पुढच्या सुट्टीत आणखी लांब नेतात.

सगळ्यांना मुठीएवढ्या होणाऱ्या नायलॉनच्या झोपायच्या पिशव्या होत्या. मी गोधडी दोरीनं पाठीला बांधून नेली. वाटेत भेटलेले गोरे लोक हसून बाजूला व्हायचे. त्यांना वाटलं असेल, आजोबा घर सोडून निघाले.

रात्री पाऊस झाला. तंबूचं दार बंद केलं की मला कोंडल्यासारखं होतं, म्हणून मी ते उघडं ठेवलं होतं. (प्रशांतनं बंद ठेवा म्हणून बजावलं होतं, म्हणून तर उघडं ठेवलं.) गोधडी एका अंगानं भिजली. सकाळी ऊन पडलं तसा मी ती घेऊन तळ्याकाठी गेलो आणि चांगलं पसरट झुडूप बघून वाळत घातली. उभी हयात आम्ही कॅनॉलच्या काठाला असंच केलं. बाभळीवर गोधडी टाकायची आणि आपल्या कामाला जायचं. मी पण माझ्या कामाला गेलो.

झुडूप मोडल्याचा आवाज आला म्हणून डोकं वर काढलं. समोर मूस. मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. उंटाची उंची, रेड्याचं अंग आणि डोक्यावर दोन्ही बाजूला सुपं लावावीत तशी शिंगं. या दिवसांत त्यांना शिंगं घासायची खाज सुटते, हे मला नंतर कळलं. त्यानं घासायला नेमकं माझंच झुडूप निवडलं. घासून झाल्यावर मान वर केली तर शिंगावर गोधडी! तिचं हिरवं टोक त्याच्या एका डोळ्यावर लोंबत होतं. नवरदेव निघाला होता जणू.

मी विजार सावरत पळालो आणि आडव्या आलेल्या म्हशीला घालतात तशी हाळी घातली. त्यानं उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि माळावरून चालायला लागला. मी मागं. मागून प्रशांत ओरडत होता, आबा, वाट सोडू नका. पण जनावरानंच वाट सोडली होती, तर मी काय करणार? चार पावलं गेलो तर जमीन खरवसासारखी थरथरली. पाचव्या पावलाला मांडीपर्यंत आत गेलो. वरून हिरवंगार आणि खाली नुसतं काळं पाणी. मला वाटलं, बरं झालं, हिची भेट व्हायची वेळ आली.

"आजोबा, डोन्ट मूव्ह!" नात ईशा फळीवरून म्हणाली. हलायला काय शिल्लक होतं!

प्रशांतनं फळीवर पालथं पडून माझ्या काखेत हात घातले. मी निघालो. विजार तिथंच राहिली. तशा अवतारात, सुनेकडं पाठ करून, तिचं जाकीट कमरेला गुंडाळून मी फळीवर बसलो आणि चौघं मिळून त्या रेड्याकडं बघत राहिलो. जवळ जायची छाती कुणाची? तो तळ्यात शिरला, डोकं बुडवून पाण्यातलं गवत खायला लागला. प्रत्येक बुडीला गोधडी थोडी थोडी निसटत होती. शेवटी सुटली. तो निवांत पोहत पलीकडं गेला, आणि गोधडी पाणी पिऊन बुडायला लागली. मी नुसतं बोट दाखवलं.

मेघानं बूट काढले. प्रशांत म्हणाला, पाणी बर्फासारखं आहे, मी जातो. ती म्हणाली, तुला धड पोहता येत नाही, मधे पडू नकोस. आणि गेली. छातीएवढ्या पाण्यात हात घालून तिनं गोधडीचं शेवटचं टोक धरलं, अन् वासरू ओढावं तशी काठाला ओढून आणली. ओठ निळे पडले होते पोरीचे.

दोघं इकडून, दोघं तिकडून आम्ही गोधडी पिळली. काळं पाणी निघालं, मग तांबडं, मग स्वच्छ. मी एकेक शिवण तपासली. त्या राक्षसानं ओढली, तळ्यानं भिजवली, आम्ही पिळली. हिचा एक टाका उसवला नव्हता. मग मी तोंड आत घातलं. नुसता गाळाचा आणि गवताचा वास. मला रडू आलं. म्हटलं, गेली. आता खरी गेली.

प्रशांत पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मेघा टॉवेल गुंडाळून, थडथड कापत माझ्यासमोर बसली.

"आबा, रागवणार नसाल तर बोलू?"

"बोल."

"आईंचा वास वेगळा होता. त्या डोक्याला माक्याचं तेल लावायच्या. तुम्ही इथं आल्यापासून या गोधडीला तो वास मला कधीच आला नाही."

"मग कसला होता?"

ती प्रशांतकडं बघायला लागली. तो तळ्याकडं. मग धीर करून म्हणाली, "तुम्ही रोज गुडघ्याला बाम चोळता. तंबाखू मळता. आणि दोन्ही हात गोधडीला पुसता."

मला आठवलं, आमची मंडळी दर अमावास्येच्या आधी सगळ्या गोधड्या कॅनॉलवर नेऊन आपटायची. गोधडीला वास आलेला तिला खपायचाच नाही. वर्षभर न धुतलेली तिनं बघितली असती तर आधी मला आपटलं असतं. मला एकदम हसू फुटलं. मग प्रशांतला, मग ईशालाही. मेघा मात्र हसताना रडत होती. थंडीनं असेल.

दुपारी गोधडी खडकावर वाळली. तिथं मी राखणीला बसलो, जाकीट नेसून. ऊन लागलेल्या सुताचा वास आला. तो पण तिचाच, म्हटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

वर्षभर मी माझ्याच बामाला छातीशी धरून रडत होतो, आणि धुवायला मागणाऱ्या सुनेला म्हणत होतो, तुला माणसांची किंमत नाही.