खुशालरावाचं दुसरं रगत

खुशालरावाचा गोठा आणि माझी बैठक यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत आहे. त्यामुळे त्याच्या घरात कोण कोणावर रुसलं, हे मला कान न देताही कळतं. कान दिला तर जास्त कळतं.

हा खुशालराव म्हणजे आमच्या भातकुलीतला दहा एकरांचा कास्तकार. माणसांशी बोलायचं तर दिवसाकाठी वीस शब्द. बैलांशी मात्र तासन्‌तास गप्पा. हऱ्या आणि पाखऱ्या अशी त्याची जोडी. या बैलांना दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही असं तो साऱ्या गावाला सांगायचा. खरी गोष्ट अशी की दुसऱ्या कोणाला त्यानं हात लावूच दिला नव्हता. सख्खा धाकटा भाऊ सूर्यभान, तोंडावळा हुबेहूब तोच, मिशीसुद्धा तीच, पण त्याच्या वाट्याला चारा-पाणी आणि शेणकूर. कासरा धरायचा तो खुशालरावानंच.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. पोळा आठ दिवसांवर आला की खुशालराव बैलांच्या अंगावरचे गोचीड काढायला बसायचा. बाकीचे लोक तंबाखूचं पाणी चोळून मोकळे होत. याला ते पसंत नाही. कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी, गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली बोट फिरवून एकेक गोचीड उपटायचा आणि दोन अंगठ्यांच्या नखांत चिरडायचा. त्याची बायको, मैनावहिनी, जेवायला हाका मारून थकत. शेवटी त्या म्हणत की पुढच्या जन्मी मी बैलच होऊन येते, निदान अंगावरून हात तरी फिरेल.

पोळा झाला. तोरणाखाली जोडी अशी चमकत होती की पाहुण्यांनीही मान वळवून पाहिलं. आणि पाच-सहा दिवसांत खुशालरावाला ताप भरला. डोकं फुटायला आलं, सांधे दुखू लागले. क्विनाइन झालं, काढे झाले. चौथ्या दिवशी मनगटांवर लाल पुरळ उठले, मग तळहातांवर, मग तळपायांवर. देवी आल्या म्हणून आळीतल्या लोकांनी त्यांच्या दारावरून जाणं बंद केलं. मी रोज जात होतो. धीट होतो म्हणून नाही. घरात बसून बातमी कळत नव्हती म्हणून.

मीच त्याला एसटीत घालून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तळहात पाहिले, काम काय करता विचारलं आणि मग म्हणाले, "गोचीड चावला होता काय?"

आजारी माणूस ताडकन उठून बसला. "माह्या बैलाईले गोचीड नाहीत, साहेब."

"बैलांचं नाही, तुमचं विचारतो."

"बैलाले नाई तं मले कुठून येईन?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, साहेब, यानं पोळ्याआधी वाटीभर गोचीड नखांनी चिरडले आहेत, मी डोळ्यांनी पाहिलं. खुशालरावानं माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा गोचीड बरा. आणि धोतराची गाठ सोडून पाहिलं तर कंबरेला चावल्याची काळी खपली होतीच.

डॉक्टर म्हणाले, हा गोचिडाचा ताप असू शकतो, विषमज्वरही असू शकतो. रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि एकदा तपासून भागायचं नाही. चावल्यावर रक्तात खूण उमटायला दिवस लागतात. आज ती कच्ची दिसेल. आठ दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं. खूण वाढली तर नक्की. मग कॅप्सूल सुरू करू. त्या कॅप्सूल त्या वेळी दवाखान्यात मोजक्याच येत. अंदाजानं कोणाला देत नसत.

रक्त काढायला होता धर्मपाल. आमच्याच गावच्या डोमाजीचा मुलगा. डोमाजी अर्धी हयात खुशालरावाच्या वावरात तण निंदायला जात असे. धर्मपाल मॅट्रिक झाला, नागपूरला जाऊन हे काम शिकला आणि आता पांढरा कोट घालून काचेच्या नळ्यांमध्ये उभा होता. खुशालकाकांचा हात त्यानं हलकेच धरला, रक्त घेतलं आणि आपल्या वहीत नावाखाली रक्तगटही लिहून ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याची सवयच तशी. दुसऱ्या दिवशी निकाल आला: खूण आहे, पण अगदी पुसट.

घरी आणल्यावरही ताप काही हटला नाही. सकाळी उतरायचा, दुपारी चढायचा. आठवा दिवस उद्यावर आला आणि नेमकी त्याच वेळी पावसानं उघडीप दिली. काळ्या मातीचा वाफसा, म्हणजे ओल कामाजोगी असणं, हा दोन-तीन दिवसांचा खेळ. तेवढ्यात तण काढणारे डवरे फिरले तर फिरले, नाहीतर कपाशीची पऱ्हाटी गवतात बुडालीच समजा.

संध्याकाळी दोघे भाऊ गोठ्यात बोलत होते. मी भिंतीच्या अलीकडे सुपारी कातरत होतो.

"सूर्या, उद्या अमरावतीले तू जाय. माही दवाखान्याची चिठ्ठी घे. नाव इचारलं तं खुशाल सांग."

"मी? अन् रगत?"

"तुहं देजो. एका मायच्या पोटचे आपण, रगत काय येगळं रायते? मी डवरा हाणतो. बैल तुह्या हाताले चालत नाईत."

सूर्यभान काहीतरी पुटपुटला, पण थोरल्या भावापुढे त्याचं पुटपुटणं कधी वाक्यापर्यंत पोचलं नव्हतं. सकाळी मला तो एसटीच्या थांब्यावर भेटला. डोक्यावर भावाची काळी टोपी, खिशात भावाची चिठ्ठी. म्हटलं, "काय खुशालभाऊ, आज तब्येत लय सुधारलेली दिसते." तो लाजला. मला फार मजा वाटली. ती मजा मी चार दिवस पुरवून खायची ठरवली आणि कोणाजवळ बोललो नाही.

दवाखान्यात त्या सकाळी रक्त काढायला दुसराच माणूस होता. त्यानं नाव विचारलं, रक्त घेतलं, वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी शनिवारी निकाल निघाला: खूण नाही. डॉक्टरांनी गोचिडाचा ताप नाही असं कागदावर लिहिलं.

इकडे खुशालराव त्याच दुपारी डवऱ्यामागे चालता चालता पऱ्हाटीच्या ओळीतच खाली बसला. बैल थांबून राहिले. सूर्यभाननं त्याला बैलबंडीत घालून घरी आणलं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि बोलणं असं की मैनावहिनींना तो हऱ्या म्हणून हाक मारत होता. माझी मजा तिथंच आटली.

संध्याकाळी दारात सायकल टेकवून धर्मपाल आत आला. धुळीनं माखलेला. त्यानं सूर्यभानकडे पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं आणि विचारलं, "दुसऱ्या खेपेले रगत कोणी देलं?"

सूर्यभान पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. शेवटी मीच सांगितलं, सगळं. मैनावहिनी चुलीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "भिताडाले कान लावता, तं तोंड काहून नाई लावलं?"

मी उठून चुलीत लाकूड सारलं.

धर्मपालचं झालं होतं असं. पुसट असलेली खूण वाढायला हवी, निदान तेवढीच राहायला हवी. पार नाहीशी झाली म्हटल्यावर त्याला चैन पडेना. त्यानं नव्या नळीतल्या रक्ताचा गट पाहिला आणि जुनी वही काढली. दोन्ही जुळेनात. डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यांनीच त्याला सुई देऊन पाठवलं होतं.

सुई चुलीवर उकळायला ठेवली. ताप जरा खाली आला तेव्हा खुशालरावाचे डोळे उघडले.

"काका, तुमचं अन् सूर्याकाकाचं रगत येगळं हाय," धर्मपाल म्हणाला. "तुमच्या रगतात जे हाय ते त्याच्यात सापडनार नाई. हात द्या."

खुशालरावानं हात गोधडीत ओढून घेतला. मग खोल आवाजात म्हणाला, "मंग तू लेहून देशीन का खुशालच्या बैलाईले गोचीड हायेत म्हून?"

"बैलाचं नाव नसते त्या कागदावर."

तेव्हा कुठे हात पुढे आला. धर्मपाल नळी खिशात जपून ठेवून त्याच पावली परत निघाला. वहिनींनी त्याला चहा घेतल्याशिवाय दाराबाहेर जाऊ दिलं नाही. घरातल्याच कपात दिला. आमच्या आळीत ही गोष्ट तेव्हा बोलण्यासारखी होती, आणि मी ती बोललोही.

रविवारी दवाखाना बंद, तरी निकाल निघाला. खूण चांगली चढली होती. सोमवारी सकाळच्या एसटीनं कॅप्सूल आल्या. बुधवारी ताप उतरला तो पुन्हा चढला नाही, आणि गुरुवारी खुशालरावानं भाकर मागितली. उरलेला डवरा सूर्यभाननं हाणला. हऱ्या-पाखऱ्या त्याच्यापुढे शहाण्यासारखे चालले. हे खुशालरावाला कसं सांगावं या विचारानं घर दोन दिवस हैराण होतं. शेवटी मी सांगितलं. ते काम मला जमतं.

आता गावात कोणाला चार दिवस ताप राहिला की खुशालराव त्याच्या दारात उभा. ज्या माणसाला वीस शब्द जड जात, तो आता पाऊण तास बोलतो. पहिलं रगत कच्चं असते, दुसरं पिकलेलं असते, दोन्ही देजा, अन् आपलंच देजा, असं बजावतो. परवा माझ्या सुनेला कणकण आली, तर हा सकाळी सहालाच टोपी घालून हजर. मी म्हटलं, अरे, कालपासूनचाच ताप आहे, डॉक्टर हसतील.

"हसू दे," तो म्हणाला. "एसटीत जागा धरतो, तू तिले घेऊन ये."

आणि खरोखर, आम्ही पोचलो तेव्हा खिडकीजवळची जागा त्यानं धरून ठेवली होती.