दाखल्याच्या बुकावर बसणाऱ्या बाई

आमच्या खिल्लारे बाई शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या बुकावर बसायच्या. अगदी खरोखर बसायच्या! शाळेला कारकून नव्हता, म्हणून दाखल्यांचं ते जाडजूड बुक बाईंच्या ताब्यात असे. एखाद्या पोराला शाळेतून काढायची गोष्ट निघाली रे निघाली, की बाई बुक खुर्चीवर ठेवायच्या, लुगड्याचा घोळ सावरायच्या आणि त्यावर ऐसपैस बसून म्हणायच्या, "बसले म्या. आता काय करता ते करा."

हेडमास्तर तरी काय करणार? बाईमाणसाला खुर्चीवरून उठवणार कसं! ते बिचारे पेन हातात घेऊन शेजारी उभे राहायचे. बाई विचारायच्या, "पोरगं काढून कुठं ठिवता वो सर? गावातच ना? मंग शाळेत राहिलं तर काय तकलीफ हाय?"

बाई आखाडा बाळापूरच्या. वर्गात त्यांचं मराठी छापील पुस्तकासारखं, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की थेट बाळापूरच्या बाजारातलं. आवाज असा, की सातवीच्या वर्गात त्यांनी पाढा सुरू केला तर पाचवीची पोरं म्हणून मोकळी व्हायची.

आता माझा पराक्रम सांगते. गावाचं नाव मात्र सांगत नाही, अजून मला तिथे माहेर आहे. जवळा बाजार आमच्यापासून कोसभर. बाजाराच्या दिवशी शाळा अर्धी असायची, हा आमच्याकडचा पिढीजात कायदा. पण एकदा नेमके त्याच दिवशी परभणीहून तपासणीचे साहेब आले आणि हेडमास्तरांनी पूर्ण शाळा जाहीर केली. मी नववीत होते आणि माझा सगळा जीव बाजारातल्या गुळाच्या शेवेत अडकला होता. शिपाई साहेबांसाठी चहा आणायला गेलेला. शाळेची घंटा म्हणून लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा माझ्याकडेच बघतोय असं वाटलं. उचलला दांडका आणि दिली की हो घंटा, ठणाठणा!

साहेब तेव्हा सहावीला भारताच्या राजधानीबद्दल विचारत होते. उत्तराऐवजी त्यांना फक्त धूळ दिसली. दीडशे पोरं जवळा बाजारच्या रस्त्याला लागली आणि साहेब खडू हातात धरून रिकाम्या वर्गात उभे. बाजारातली शेव त्या दिवशी काय गोड लागली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी गोडी उतरली. हेडमास्तरांनी जाहीर केलं, "कौसल्येचं नाव कमी करायचं." घरी माझे वडील आप्पा ते ऐकून शांतपणे म्हणाले, "बरं झालं. साखरा गावचं स्थळ आलेलंच हाय. नाव कमी झालं की बार उडवून टाकू." मला लग्न नको होतं, मला दहावी व्हायचं होतं. पण घंटा मीच वाजवली होती, तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

त्याच आठवड्यात शाळेत एक परिपत्रक आलं होतं. दिल्लीत जन्मलेलं, मुंबईत मराठी झालेलं आणि परभणीत सायक्लोस्टाइल होऊन अर्धं पुसलेलं. विषय: विद्यार्थ्यांना शाळेतून कमी करणे व त्यास पर्याय. शाळांनी आढावा घेऊन अभिप्राय कळवावा, असा हुकूम होता. हेडमास्तरांना तर घबाडच सापडलं. त्यांनी सगळ्या शिक्षकांची सभा बोलावली. मला शिक्षा म्हणून ऑफिसच्या खिडकीखाली उभं केलेलं, त्यामुळे सगळी सभा मला फुकटात बघायला मिळाली.

हेडमास्तरांनी परिपत्रकाच्या पहिल्या पानावरची, कोणकोणतं पोर काढावं याची यादी मोठ्याने वाचली आणि कागदाची घडी घातली. बाई अर्थातच बुकावर बसलेल्या.

"दुसरं पान ऱ्हायलं की सर."

"त्यात नेहमीचंच आहे हो."

"ऱ्हाऊ द्या. आढावा मागितलाय न्हवं? मंग बराबर घेऊ. आना इकडं." बाईंनी कागद घेतला आणि पहिल्या पानापासूनच सुरुवात केली. "कलम एक. वारंवार उशिरा येणारा. हात वर करा."

कोणी हलेना. मग चित्रकलेच्या सरांनी, भला माणूस, हळूच हात वर केला.

"कलम दोन. वर्गात झोपणारा." सगळ्यांनी गणिताच्या सरांकडे पाहिलं. ते तेव्हाही डुलकीच घेत होते.

"कलम तीन. शाळेच्या आवारात तंबाखू खाणारा."

हेडमास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांना खूप काही बोलायचं होतं, पण तोंड भरलेलं! ते घाईघाईने खिडकीशी आले आणि पिचकारी मारली. मी उडी मारली म्हणून वाचले.

"सर, तुमचा बी दाखला फाडू का मंग?" बाईंनी विचारलं. खोलीत असा हशा उसळला, की गणिताचे सर दचकून जागे झाले आणि त्यांनीही हात वर केला.

हसू ओसरल्यावर बाई सावकाश म्हणाल्या, "निजामाच्या राज्यात माझं नाव कमी केलं होतं सर. कापूस वेचायला आईसंगं महिनाभर गेले म्हणून. माझी आई शाळेच्या उंबऱ्यावर तीन दिवस बसली. मास्तर म्हणला, उठ. ती म्हणली, लेकराचं नाव लिव्हा, मंग उठते. ती बसली म्हणून म्या हितं बसले हाव."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

मग बाईंनी दुसरं पान वाचलं. 'स्थानिक परिस्थितीनुसार पर्याय सुचवावेत,' आणि खाली रिकामी जागा. बाईंनी तिथे लिहिलं आणि ओरडून मला ऐकवलंसुद्धा, "घंटा हिनं वाजवली न्हवं? आता घंटा हिच्याकडंच. साडेदहाला पहिली, पाचला शेवटची, दहावी होईस्तोवर. एक दिस चुकली तर म्या आपन होऊन उठते!"

झालं, मी घंटेवाली झाले. तापात वाजवली, चिखलात वाजवली. आप्पांनी मात्र साखऱ्याची मंडळी बोलावलीच, आणि तीही शाळेच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत मला घरी आणून. पाहुण्यांची चौकशी संपता संपेना. चहाचे कप घेऊन मी उभी, आणि भिंतीवरचं घड्याळ पाचाला पाच मिनिटं कमी दाखवतंय. मुलाच्या मामाने विचारलं, "पोरी, सैपाक येतो का?" मी ट्रे त्यांच्याच मांडीवर ठेवला. "येतो, पण घंटा द्यायचीय!" आणि जी पळत सुटले!

ठीक पाचला घंटा झाली. मंडळी ती ऐकत ऐकतच साखऱ्याला परतली. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असा निरोप आला. आप्पा तणतणत शाळेत आले, "बाई, द्या हिचा दाखला!" बाई खुर्चीत नीट सरकून म्हणाल्या, "आप्पा, तुमी पानी घ्या. म्या बसले हाव."

आप्पांनी पाणी घेतलं आणि घरी आले. पुन्हा स्थळाचं नाव काढलं नाही.

दहावी झाल्यावर डी.एड.साठी दाखला आणायला मी गेले. बाई कुठेतरी गप्पा मारत असतील असं वाटलं होतं, पण त्या बुकावरच बसून माझी वाट पाहत होत्या. मला पाहून त्या उठल्या. बुक उघडलं, दाखला लिहिला, वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांना 'चांगली' लिहितात, तिथे माझ्यापुढे लिहिलं, 'घंटा एकदाही चुकली नाही.' हेडमास्तरांनी मुकाट्याने सही केली. दाखला माझ्या हातात आला तेव्हा कागद अजून गरम होता. मला हसू फुटलं आणि रडूही.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्या दिवशी डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या ते अजून कानात आहे.

"उठले म्या, कौसे. जा आता."