हळदीच्या खोलीतला काटा

अरे थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे! शेजारच्या लग्नघरातून ओल्या हळदीचा वास आला आणि मला पूर्णा गावातल्या आमच्या घरची ती दुपार आठवली. ताईला नुकतीच हळद लागली होती, आणि आमच्यात त्यानंतर नवरी लग्नापर्यंत उंबरा ओलांडत नाही. तेवढ्यात पोलीस आले. मागच्या भंगाराच्या गोडाऊनमध्ये किरणं सोडणारा डबा सापडला होता म्हणे! सोबतच्या, किरणं मोजणाऱ्या साहेबांनी मीटर दाखवून आधीच सांगितलं, "काटा लाल रेषेच्या खाली असला तर दारं लावून आत बसा. घरात कुठेही वर गेला तर घर रिकामं." अंगणात काटा खाली, ओटीवर खाली, आम्ही सगळे त्यांच्या मागे. गोडाऊनला लागून असलेल्या ताईच्या खोलीत मात्र मीटर टकटक करायला लागलं आणि काटा रेषेच्या जरासा वर गेला. काकी दारात आडवी उभी राहिली, "साहेब, इतकुसा तर वर हाय! हळदीची पोर आमी बाहेर न्हाय काढत." साहेब म्हणाले, "मावशी, दारात आल्यावर सगळ्यांनाच इतकुसं वाटतं. म्हणून तर रेष आधी ठरवतात." मीटरची टकटक चालूच होती. मग पाटावरून ताईच उठली, "काकी, हळद परत लावशील गं, मला परत कुठून आणशील?" आणि पिवळ्या पायांनी उंबरा ओलांडून गेली. अजून लिहिताना अंगावर काटा येतोय! तुमच्या घरी असा रिवाज मोडायची वेळ आलीय का कधी? आधी कोण उठलं होतं?