मास्तरांची बादली

रंगनाथ खैरनारांच्या घरचा विजेचा मीटर इतका सावकाश फिरायचा, की रीडिंग घ्यायला आलेला माणूस आधी त्याला टिचकी मारून बघायचा. मग आकडा लिहायचा आणि जाताना विचारायचा, "काका, इथे राहता, की नुसतं कुलूप उघडायला येता?"

"राहतो की," खैरनार ऐटीत म्हणायचे. "राहायला लाइट कशाला लागतो?"

सिडकोतल्या त्या गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी संबंध नाही. बत्तीस वर्षं नाशिक-कळवण गाडीवर कंडक्टरकी केली, आणि कंडक्टरला आपल्याकडे मास्तरच म्हणतात. रिटायर झाले त्याच वर्षी पत्नी बयाबाई गेल्या. एकुलती लेक सुरतेला दिलेली. ती दिवाळीत चार दिवस यायची आणि बापाच्या घरात ट्यूबलाइट लावून जायची. तिची गाडी सुटली की मास्तर ट्यूब उतरवून पलंगाखाली ठेवायचे आणि परत चाळिसाचा बल्ब लावायचे.

थंडी पडली की मास्तरांच्या काटकसरीला नुसता बहर यायचा. संध्याकाळी भाताला एक उकळी दिली की गॅस बंद. पातेल्यावर झाकण, वरून बयाबाईंच्या हातची गोधडी गच्च गुंडाळायची आणि कोपऱ्यात ठेवायचं. बातम्या बघून येईपर्यंत भात आपला आपण शिजलेला. सिलिंडर पाच-पाच महिने जायचा. गल्ली म्हणायची, मास्तरांकडे भाताला गोधडी आणि मालकाला हुडहुडी. पातेलं काढल्यावरही ती गोधडी दहाएक मिनिटं उबदार राहायची आणि तेवढा वेळ मास्तर तिच्यात दोन्ही हात खुपसून बसायचे, हे मात्र गल्लीला ठाऊक नव्हतं. गल्लीला ठाऊक नसलेल्या गोष्टी फार नसतात. पण असतात.

आता बादलीचं सांगायला हवं. शेजारी भामरे. वत्सलाबाई, त्यांचा मुलगा दिनेश आणि सून आशा. दिनेश अंबडच्या कारखान्यात कामाला, तिथून मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणायचा. त्यावर मागच्या दारी तांब्याचा बंब पेटायचा. सकाळी सातला धूर दिसला की मास्तर बादली घेऊन हजर.

"आले बघा! अजून धूर माझ्या डोळ्यात आहे, तोवर यांची बादली तोटीखाली," वत्सलाबाई म्हणायच्या.

"बंब तर पेटवलेलाच आहे ना वहिनी? एक माणूस न्हाला काय, चार न्हाले काय, जळण तेवढंच."

"मग तुमच्या घरी पेटवा आणि आम्हाला बोलवा!"

बादली भरायला दोन मिनिटं लागायची. मास्तर तिथे अर्धा तास असायचे. कोणाच्या पोरीला बघायला आले, भाजीबाजारात मेथी कशी, सुरतेहून फोन आला का, सगळं त्या तोटीपाशी. पाणी घरी नेईपर्यंत कोमट व्हायचं. मास्तरांनी कधी तक्रार केली नाही.

संध्याकाळी पुन्हा भामऱ्यांकडेच. सातच्या बातम्यांना. स्वतःच्या घरी धड दिवा नाही, टीव्ही नाही, आणि इथे येऊन बातम्या देणाऱ्या बाईशी भांडायचे. "खोटं बोलते! वणी घाटातला रस्ता कधी दुरुस्त झाला?" दिनेश हसून हसून मांडी बडवायचा.

गल्लीने हिशोब सोपा केला होता: म्हातारा कवडीचुंबक आहे, दुसऱ्याच्या विजेवर जगतो. मास्तरही हा हिशोब मान्य करायचे. कंजूष म्हणवून घेणं सोपं होतं. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून येतो, असं एखाद्याच्या दारात उभं राहून सांगायचं कसं?

आणि मग अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला गल्लीला दया आली.

दिनेशने नवा रंगीत टीव्ही घेतला होता. जुना काळा-पांढरा पडूनच होता. त्याने चार घरांतून वर्गणी काढली, पाणी तापवायचा एक नवाकोरा रॉड आणला आणि तिळगुळाच्या दिवशी जुना टीव्ही आणि रॉड घेऊन सगळी वरात मास्तरांच्या दारात.

"मास्तर, तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि आता आमचा बंब सोडा!"

सगळे खो-खो हसले. मास्तरही हसले. रॉड हातात धरून ते इतका वेळ हसत राहिले, की आशाला वाटलं, म्हातारा गहिवरला.

दुसऱ्या दिवशी सातला सवयीने बादली उचलली आणि ते मागच्या दारी गेले. आशा तोटीपाशी होती. "अहो मास्तर, विसरलात? रॉड दिलाय ना तुम्हाला!"

"अरे हो! सवय बघा मेली," मास्तर म्हणाले, आणि रिकामी बादली घेऊन परतले. बत्तीस वर्षांत तिकीट नसलेले कितीतरी उतारू त्यांनी मध्येच उतरवले होते. उतरलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, हे त्यांना आज कळलं.

टीव्ही त्यांनी दोन संध्याकाळी लावला. बाई बातम्या द्यायची, मास्तर म्हणायचे "खोटं बोलते", आणि पुढे कोणी हसायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल टाकला.

रॉडला तर त्यांनी हातच लावला नाही. रॉड एकदा पाण्यात गेला की आपली बादली कायमची बंद, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. तो कोरा आहे तोवर काहीतरी सबब काढता येईल. सबब सापडायला महिना लागला. एका रविवारी भिंतीवरून म्हणाले, "दिनेश, तुमचा रॉड शॉक मारतो बरं का."

त्यांना वाटलं होतं, पलीकडून आवाज येईल: मग आमच्याकडचं न्या की पाणी. पलीकडून आला तो दिनेश, हातात टेस्टर घेऊन.

त्याने रॉड उचलला, उलटापालटा केला. महिनाभर वापरलेल्या रॉडवर क्षारांची पांढरी पुटं चढतात. हा चकाचक. प्लगच्या पिनांवरची प्लॅस्टिकची टोपीसुद्धा जागच्या जागी.

"मास्तर! टोपी न काढता शॉक बसला तुम्हाला?"

दिनेशने घरी जाऊन चहावर किस्सा रंगवून सांगितला. विजेच्या बिलाला घाबरून रॉड देवासारखा गुंडाळून ठेवलाय म्हणे! आशा हसून लोळायची बाकी होती. वत्सलाबाईंनी कप खाली ठेवला.

"मग महिनाभर आंघोळ कशाने केली त्यांनी?"

दिनेशचं हसू तोंडातच राहिलं. बाहेर सकाळची थंडी अशी होती, की नळाखाली हात धरवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच भिंतीवरून वत्सलाबाईंचा आवाज आला. "ओ मास्तर! बंबात पाणी उरलंय. ओतून देऊ का? एवढं जळण फुकट घालवायचं का? पाप नाही लागायचं?"

मास्तर बादली घेऊन गेले. बंब नुकताच पेटला होता, फळी अर्धीसुद्धा जळली नव्हती. आंघोळ घरात कोणाचीच झालेली नव्हती. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं, हे वत्सलाबाईंनीही पाहिलं.

"मेथी कशी दिली काल?" मास्तरांनी विचारलं.

पुढची सात वर्षं त्या बंबात रोज पाणी उरलं.

मग दिनेशने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. गच्चीवर सोलर, धुराची भानगडच नाही. निघताना वत्सलाबाई म्हणाल्या, "बंब मोडीत घालवत नाही. तुम्हीच ठेवा." टेम्पो वळेपर्यंत मास्तर हात हलवत उभे होते.

भामऱ्यांच्या घरात भाडेकरू आले. तृप्ती आणि तिचा नवरा, बाथरूममध्ये गीझर. त्या हिवाळ्यात सकाळचं लोडशेडिंग होतं, सहा ते नऊ. मास्तरांनी बंब पेटवला आणि भिंतीवरून हाक दिली, "पाणी उरलंय, वाया चाललंय!" तृप्ती लाजत बादली घेऊन आली. बारा दिवस आली. मास्तरांनी तिला गोधडीत भात कसा शिजवायचा तेही शिकवलं. मग लोडशेडिंगची वेळ बदलून दुपारची झाली.

एका माणसाच्या आंघोळीसाठी बंब पेटवणं म्हणजे एका उतारूसाठी एसटी काढणं. हे मास्तरांइतकं कोणाला कळणार? एका उकळीत गॅस बंद करणारा हा माणूस आता रोज सकाळी लाकडं जाळतो. गल्ली म्हणते, म्हातारपणी उधळा झाला. पण गाडी रिकामी असली तरी वेळेवर सोडावी लागते, हे बत्तीस वर्षांचं अंगवळण आहे.

सातला धूर निघतो. मास्तर भिंतीपाशी जातात, घसा खाकरतात.

"पाणी उरलंय हो!"

"लाइट आहे, काका," पलीकडून आवाज येतो.

"बरं, बरं," मास्तर म्हणतात, आणि बादली तोटीखाली सरकवतात. ती भरायला अजूनही दोनच मिनिटं लागतात.